बाईंना मत नाही

"आणि शेळीनं दावं तोडलं," मी म्हणाले. "एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि सुटली. आता सांगा, गेली कुठे? डोंगराकडे की पाण्याकडे?"

'पळा' म्हणायची गरजच पडली नाही. तिसरी-चौथीचा अख्खा वर्ग दप्तरं तुडवत दाराच्या भिंतीकडे धावला. आमच्या वर्गाच्या दारातून डोंगर दिसायचा आणि खिडकीतून धरणाचं पाणी, त्यामुळे कुठल्या भिंतीचा अर्थ काय हे कुणाला सांगावं लागत नसे. धुरळा खाली बसल्यावर पाहिलं, तर खिडकीपाशी एकटी शेवंती उभी होती. दोन्ही हातांनी गज धरून.

"डोंगर!" चौथीतला पोपट ओरडला. "बाई, डोंगर! आता तिला बिबट्या गाठणार!"

"शेवंती, ये इकडे," मी म्हणाले. "आज तुझी बाजू हरली."

"शेळी डोंगराकडं जात नसती," ती मागे न बघता म्हणाली.

"का गं? शेळ्या डोंगरातच चरतात की."

"ही न्हाई जात."

"तुझी हाय का शेळी?" पोपटानं विचारलं आणि वर्ग हसला.

शेवंतीनं गज सोडले नाहीत. ही मुलगी एरवी गर्दी जाईल तिकडे जाणारी. भिंतीला टेकून उभी राहायची आणि आपल्या वेणीचं टोक चावत गोष्ट ऐकायची. आज पहिल्यांदाच ती एकटी उभी होती, आणि हरल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एका शेळीसाठी.

मी ते पाहिलं आणि तिच्या आज्यामुळे असेल, असं समजून पुढे गेले. कारण त्या दिवशी गावात दुसरं काही चाललंच नव्हतं. शेवंतीचे आजोबा, केरबा आबा, पहाटे घरातून निघून गेले होते आणि कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी नव्या सावरदरीच्या शाळेत होते. जुनी सावरदरी धरणात गेली होती. नवी एका उघड्या माळावर वसवलेली. ओळीनं घरं, घरांवर नंबर, आणि सावलीला शाळेपुढचा एक कडुनिंब. माझ्या वर्गातल्या मुलांनी जुनं गाव पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या घरी मात्र दिवसभर त्याच गावाचं बोलणं चाले. तिथलं पाणी, तिथली माती, तिथला उरूस. मुलं ऐकून घ्यायची. त्यांना कुणी काही विचारत नसे.

म्हणून मी गोष्टीत विचारायला लागले. गोष्ट फाट्यावर आणायची आणि थांबायचं. जिकडे जास्त मुलं पळतील तिकडे गोष्ट जाणार. नियम मुलांनीच केले होते. एकदा ठरलं की मागे फिरायचं नाही. हरलेल्यानं रुसायचं नाही. आणि पोपटानं घातलेला नियम असा, की बाईंना मत नाही. मी एकदा एका सशाला लबाडीनं कोल्ह्याच्या तोंडातून सोडवला होता, ते त्याला मुळीच पटलेलं नव्हतं.

आता माझी नात मोबाइलवर अशीच गोष्ट खेळते. एक बटण दाबलं की राजकन्या गुहेत, दुसरं दाबलं की नदीत. एकटीच खेळते, त्यामुळे तिला कुणाशी भांडावं लागत नाही. आमच्या वर्गात निम्मी गोष्ट भांडणातच जायची.

ते एप्रिलचे शेवटचे दिवस होते. परीक्षा झाली होती, निकाल एक मेला, आणि मधल्या दिवसांत सकाळच्या शाळेत गोष्टींवाचून करण्यासारखं काही नव्हतं. त्या वर्षी धरण कधी नव्हे इतकं आटलं होतं. खिडकीतून पाण्याआधी गाळाचाच मोठा पट्टा दिसायचा, भेगा पडलेला, राखाडी. जुन्या गावच्या देवळाचा कळस वर आला होता. माळावर सारख्या वावटळी उठत. दाराची कडी आपोआप वाजे आणि आम्ही सगळे दचकून रस्त्याकडे बघत असू, कुणी आबांची बातमी आणली का म्हणून.

मधल्या सुट्टीत हापशावर शेवंतीची आई भेटली. घागर भरून वाहत होती तरी ती हापसतच होती.

"काही कळलं?" मी विचारलं.

"आक्कांकडं गेलं असतील, बाई. माझ्या नणंदेकडं. घाटाच्या पल्याड."

"न सांगता?"

"माझ्या पेटीतला हिरवा खण गेलाय. फडताळातला नारळबी. मग दुसरं काय? लेकीची वटी भरायला गेलं असतील. हे गेल्यात आणायला, सांजच्या यष्टीनं येतील." मग ती थांबली. "पर सांगून गेलं असतं तर म्या काय न्हाई म्हणलं असतं का, बाई?"

खण आणि नारळ गेला म्हणजे म्हातारा लेकीकडे गेला. सगळ्या गावाला ते पटलं होतं, मलाही पटलं. वर्गात येऊन मी शेळीला डोंगरावर चढवली. शेवंती भिंतीला टेकून बसली होती, गोष्टीकडे पाठ करून, आणि तिच्या वेणीचं टोक चावून चावून ओलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच शेवंतीचे वडील, सर्जेराव, शाळेच्या ओट्यावर येऊन बसलेले दिसले. अंगावर कालचेच कपडे, पायांत चपला नाहीत. आमचे हेडमास्तर गायकवाड गुरुजी त्यांच्यापुढे उभे होते.

"आक्काकडं न्हाईत," सर्जेराव मला बघून म्हणाले. "तिकडं गेल्यालंच न्हाईत. काल सांजच्याला काठावर जाऊन गावठाणाकडं हाका मारल्या, कुत्रंबी भुंकलं न्हाई. आता कुठं बघू?"

"पोलिसांना..."

"फौजदाराकडं गडी धाडलाय. पर बाई, ह्या पोरीला ठाव हाय. म्हातारं तिच्याबिगर पान हालवत न्हाई. म्या रात्री दोन ठिवून दिल्या तरी तोंड उघडलं न्हाई तिनं."

शेवंती ओट्याच्या कडेला उभी होती. डाव्या गालावर बोटं उमटलेली.

"माझ्याकडे द्या," गुरुजी म्हणाले. त्यांच्या हातात नेहमीची छडी होती. "दोन मिनिटांत बोलेल."

"आधी मी विचारते," मी म्हणाले. "सर्जेराव, तुम्ही इथेच बसा. कुठे जाऊ नका."

मी तिला कडुनिंबाखाली नेलं. खाली बसले, म्हणजे तिच्याएवढी झाले.

"शेवंती, आबा कुठे गेलेत ते तुला माहीत आहे?"

तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"कुणी रागावणार नाही. मी रागावू देणार नाही."

"बाई, इचारू नका." हातांच्या आडून आवाज आला.

"का गं?"

तिनं बोटांच्या फटीतून ओट्याकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "आबांनी शपथ घातलीया. कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणलं."

आमच्याकडे ही शपथ भल्याभल्यांची जीभ बांधते. असल्या शपथांना काही अर्थ नसतो, असं मी तिला म्हणू शकले असते. पण मी स्वतः ती कधी मोडली नव्हती. आणि न सांगितल्यावर आबांना काही झालं तर काय, हेही तिला विचारण्यासारखं नव्हतं. ते ती कालपासून स्वतःला विचारत होती. वेणीकडे पाहिल्यावर कळत होतं.

"बरं," मी म्हणाले. "नको सांगूस."

ती हात खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, शेळीची गोष्ट फुडं सांगा ना."

मी उठले. काल खिडकीपाशी ती एकटी का उभी होती ते मला आत्ता कळत होतं. मी सर्जेरावांना हातानं थांबायची खूण केली. घंटा व्हायच्या आधीच वर्ग भरला.

"शेळी डोंगरावर गेली होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच घाईचा वाटला. "दिवसभर हिंडली. ऊन कसलं ते तुम्हाला माहीतच आहे. आता सांगा. ती डोंगरावरच राहिली की तहान लागून पाण्याकडे उतरली?"

शेवंती खिडकीकडे धावली. तिच्यामागे कमल आणि दोन-तीन लहान पोरं. बाकी सगळे दाराला चिकटले.

"अजून बिबट्या आला न्हाई," पोपट म्हणाला. "बिबट्या आल्याबिगर खाली यायचं न्हाई."

मी बाहेर पाहिलं. सर्जेराव ओट्यावर मांडीवर मुठी आपटत बसले होते. ऊन खांबाच्या पायाशी आलं होतं. कुठे तरी एक म्हातारा माणूस उन्हात होता.

"बरं, बरं. तर शेळीला लागली तहान," मी म्हणाले, "आणि ती पाण्याकडे उतर..."

"ओ बाई!"

"बाई, चिटिंग!"

"बाईंना मत न्हाई!"

सगळा वर्ग ओरडत होता, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज शेवंतीचा होता. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती लालबुंद झाली होती.

"तुमी न्हाई सांगायचं, बाई! समद्यांनी ठरवलं पायजे. समद्यांनी!"

तेव्हा मला समजलं. मी शेळीला पाण्याकडे नेली असती, तर ते माझ्यामागून तिनंच सांगितल्यासारखं झालं असतं. वर्गानं नेली, तर कुणा एकानं सांगितलं असं होणार नव्हतं. तिला पळवाट नको होती. तिला बहुमत हवं होतं.

"चुकले," मी म्हणाले. "बाईंना मत नाही. मग शेवंती, तुझं मत असेल तर तू पटव त्यांना. मी बोलणार नाही."

मी खुर्चीत बसले आणि हात मांडीखाली घातले, म्हणजे ते हलणार नाहीत.

शेवंती वर्गाच्या मध्यभागी आली. चार वर्षांत ती कधी फळ्यापर्यंत आपणहून आली नव्हती.

"डोंगरावर पाणी न्हाई," ती म्हणाली. "तान्हेनं मरंल ती."

"टाकं हाय की डोंगरावर," पोपट म्हणाला.

"ते आटलंय. तुझीच आय म्हणत हुती परवा."

"ते खरं टाकं आटलंय. गोष्टीतलं न्हाई आटलं."

दाराकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दात आवळून बसले होते. शेवंतीनं खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडेल आणि सगळं संपेल.

"पाण्यात मगर हाय," ती म्हणाली.

दाराकडच्या माना वळल्या.

"किती मोठी?" पोपटानं विचारलं.

"ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपतोर."

"माणसं खाती?"

"अजून खाल्ली न्हाईत."

पोपटानं पाय चोळला. मान खाजवली. आपण काही मगरीसाठी जात नाही, सहजच चाललोय, अशा चालीनं तो वर्ग ओलांडून खिडकीशी गेला. "बिबट्याचं उद्या बघू," तो म्हणाला. मग काय, सगळा वर्ग त्याच्यामागे. खिडकीपाशी रेटारेटी झाली, एक बाक आडवा पडला.

"ठरलं," मी म्हणाले. "शेळी पाण्याकडे उतरली. गाळातून चालत निघाली. आता जुन्या गावठाणात गेली, की..." पुढचं मला ठाऊक नव्हतं. "की कुठे? मला सुचत नाही. तुम्ही सांगा."

"गावठाणात!" पोपट म्हणाला. "देवळात खजिना असतो."

"की वढ्याच्या पल्याड," शेवंती म्हणाली.

"बरं. गावठाण म्हणणारे दाराकडे, ओढ्याच्या पलीकडे म्हणणारे खिडकीकडे."

काही पाय दाराकडे निघाले. शेवंती घाईघाईनं म्हणाली, "मगर वढ्याच्या पल्याड हाय."

पाय परत आले.

"मग ओढ्याच्या पलीकडे तिला काय दिसलं?" मी विचारलं.

"हीर," शेवंती म्हणाली. "इतकी वरसं पाण्यात हुती ती हीर. आवंदा नुसतं तोंड वर आलंय. शेजारी वाकडी बाभूळ हाय, वाळल्याली."

बाहेर ओट्यावर मुठीचा आवाज थांबला.

"शेळी तिथे कशाला गेली?"

शेवंतीनं वर्गाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "हिरीची वटी भरायला. गाव सोडताना भरायची राहिली हुती. आजी मरस्तवर म्हणत हुती, हिरीला तसंच सोडून आलो म्हणून."

पोरं खदखदा हसली. शेळी ओटी भरते म्हणजे काय!

"आन् शेळीला खण कुणी दिला गं?" कमलनं हसत हसत विचारलं.

"म्या दिला. आयच्या पेटीतनं."

हसणं एकदम बंद झालं नाही. आधी पुढच्यांचं थांबलं, मग मागच्यांचं. एक लहानगा तेवढा हसत राहिला, त्याला कमलनं चिमटा काढला.

"आणि मग?" मी विचारलं. "शेळी परत का नाही आली?"

"ते मला न्हाई ठाव." शेवंतीचा आवाज एवढासा झाला होता. "दिस वर यायच्या आत येते म्हणली हुती. बा जाऊ द्यायचं न्हाईत, गाळात बैल गेला तवापासनं कुणालाच जाऊ देत न्हाईत, म्हणून गुपचूप गेली. लगीच येते म्हणली हुती."

वाऱ्यानं दाराची कडी वाजली. कुणीच दचकलं नाही.

"बाई," पोपट म्हणाला. तो कधी हळू बोलत नसे, आता बोलला. "बाई, ही शेळी न्हाई."

"मला मत नाही, पोपट. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. शेळीला आणायला गावानं जायचं की नाही? जायचं असेल तर खिडकी. नाही तर दार."

खिडकीपाशी सगळे एकमेकांना चिकटून उभे होते. एकही पाय हलला नाही. नियम म्हणून मी दाराकडे पाहिलं, तिथे कुणी आहे का ते.

दारात सर्जेराव उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांच्यामागे गुरुजी, छडी खाली धरून. सर्जेराव आत आले. अनवाणी, पाट्या चुकवत, आडव्या बाकावरून पाय टाकून ते थेट खिडकीशी गेले. पोरांनी वाट दिली. त्यांनी गजांतून बाहेर पाहिलं, देवळाच्या कळसाच्याही पुढे, जिथे गाळ आणि पाणी एकच दिसत होतं.

"आमची हीर," ते म्हणाले. आणि धावत सुटले.

गुरुजींनी शाळा सुटल्याची घंटा दिली. एकही मूल घरी गेलं नाही. काठावरून माणसं उतरताना दिसली, हातात वासे, दोर, खांद्यावर एक बाज. मग ती गाळाच्या उंचवट्यामागे गेली आणि दिसेनाशी झाली. पोरं गजाला लोंबकळून होती. कुणी पाणी प्यायला उठत नव्हतं. पोपट दर थोड्या वेळानं "आलं, आलं" म्हणे आणि ती गाळावरून उठलेली वावटळ निघे. मी वर्गात येरझारा घालत होते. एकदा फळा पुसला. तो कोराच होता.

शेवंती माझ्या खुर्चीमागे भिंतीशी बसली होती. खिडकीकडे ती फिरकली नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ठिपके दिसले. काळे, चार-पाच, मग दहा-बारा. मध्ये बाज होती आणि चौघांनी ती खांद्यावर घेतली होती.

"आडवं आणत्यात," कमल म्हणाली. म्हणाली आणि तिनंच तोंडावर हात ठेवला.

शेवंती उठली, चालत माझ्याजवळ आली आणि माझ्या पदरात शिरली. डोळे गच्च मिटलेले. मी तिला तशीच धरून बाहेर आले. मला पुढे जाववत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं. तिच्या आईचा हंबरडा ऐकू येतो का, म्हणून मी कान देत होते. तो येत नव्हता. नुसते पायांचे आवाज जवळ येत होते.

त्यांनी बाज कडुनिंबाखाली टेकवली. केरबा आबांचा एक पाय पंच्यानं दोन काठ्यांना बांधला होता. ओठ फाटलेले, दाढीत वाळलेला गाळ. डोळे उघडे होते. ते हलत होते.

"थारोळ्यावरनं पाय घसरला," सर्जेराव मला म्हणाले. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडतं ती विहिरीकाठची दगडी कुंडी. त्याच्याच सावलीत आबा कालपासून पडून होते. "हिरीत वंजळभर पाणी हुतं म्हणून..."

आबांनी मान वळवली. आधी लेकाकडे पाहिलं, मग गर्दीकडे. त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कुणी सांगितलं?" ते म्हणाले.

पदराच्या आत शेवंतीचं अंग ताठ झालं.

"आमी!" पोपट म्हणाला.

"आमी समद्यांनी!" मागून पोरं ओरडली. "खिडकीकडं पळून! समदी खिडकीकडं हुतो, आबा. दारात कुणीबी नव्हतं!"

आबांना त्यातलं काही समजलं नसणार. ते त्या पोरांकडे टकामका बघत राहिले.

"बाई," पदरातून आवाज आला. "हे आबाच बोलत्यात का?"

"बघ की."

"न्हाई."

आबांना तो आवाज ऐकू गेला. ते इकडेतिकडे शोधायला लागले, मग माझ्या पदराखालचे दोन धुळकट पाय त्यांना दिसले.

"शेवंते," ते म्हणाले. "अगं, हिरीला नुसता खणच पोचला बघ. नारळ म्याच खाल्ला."

पदराच्या आत शेवंती जराशी हलली.

"समदा?" शेवटी तिनं विचारलं.

"समदा. करवंटीबी चाटली. हिरीला राग येईल का गं?"

तिनं आधी एक डोळा उघडला. पदराच्या काठाआडून, जरासाच. मग दुसरा. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, ओठांकडे, दाढीतल्या गाळाकडे. पदर सोडून पुढे गेली आणि तिनं त्यांच्या हनुवटीवरचा गाळाचा एक पोपडा नखानं काढला.

पोपट मात्र मघापासून बाजेच्या उशाशी घुटमळत होता. त्याला राहवलं नाही.

"आबा, मगर हुती का?"

"कसली मगर?" आबा म्हणाले.

सगळा वर्ग शेवंतीकडे बघायला लागला. तिनं आज्याच्या डोळ्यांत पाहिलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं, पोपटाकडे पाहिलं, बाजेभोवती जमलेल्या सगळ्या पोरांकडे एकदा नजर फिरवली.

"हुती की," ते म्हणाले. दोन्ही हात पसरून दाखवायला गेले. एक वर उठेना, तेव्हा एकाच हातानं दाखवलं. "ही एवढी. रातभर काठावर बसून माझ्याकडं बघत हुती."

"मग?" शेवंती म्हणाली.